परक्या भूमीवर फौज धाडून दहशत संपते का?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



कुठे बॉम्बस्फोट झाला की आपल्या नाक्यावरची पोरं म्हणतात, "फौज पाठवा, घुसून मारा, विषय संपला!" त्यांचा संताप आम्हाला कळतो. निरपराध माणसं मरतात तेव्हा रक्त कुणाचं उसळत नाही? पण विषय खरंच संपतो का? आपल्याच देशाने हा अनुभव श्रीलंकेत घेतला आहे. त्याचा हिशेब आज मांडू या.

श्रीलंका ही धम्माची भूमी. १९५० साली बाबासाहेब तिथे कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्याच देशात १९५६ साली एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि तमिळ माणूस स्वतःच्या देशात परका ठरला. जुलै १९८३ मध्ये तमिळांची घरे-दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली. मारणाऱ्यांत स्वतःला बौद्ध म्हणवणारे होते, हे आपण बौद्धांनीच आधी कबूल केले पाहिजे.

या अन्यायातून लिट्टेला तरुण मिळत गेले. पण लिट्टेनेही माणुसकी सोडली. १४ मे १९८५ रोजी अनुराधपुरात तिने शंभराहून अधिक निःशस्त्र माणसे मारली, पवित्र बोधिवृक्षाजवळच्या भाविकांनाही सोडले नाही. याला दहशतवादच म्हणायचे, दुसरा शब्द नाही.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला व आपली शांतिसेना तिथे गेली. गेली होती शस्त्रे खाली ठेवून घ्यायला. ऑक्टोबरात लढाईच जुंपली. आणि बघा, ज्यांच्याशी लढायचे, त्यांना आधी शस्त्रे व प्रशिक्षण आपल्याच देशात मिळाले होते!

बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंटही तिथे लढली. तिच्या ८ व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले तमिळ अधिकारी, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी लढता लढता शहीद झाले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शौर्यात आपले जवान तसूभरही कमी पडले नाहीत. मग कमी पडले काय?

कमी पडला तो लोकांचा विश्वास. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले. ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांनाच आपण परके झालो. सिंहलींना तर परकी फौज नकोच होती. अध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारने आपल्याशी लढायला लिट्टेलाच शस्त्रे पुरवली. मार्च १९९० मध्ये फौज परतली तेव्हा आपले अकराशेहून अधिक जवान गेले होते आणि लिट्टे होती तिथेच होती. २१ मे १९९१ रोजी तिने श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा बळी घेतला. १ मे १९९३ रोजी खुद्द प्रेमदासाही गेले.

कुणी म्हणेल, मालदीवचे काय? बरोबर आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथल्या सरकारने हाक दिली, आपले जवान विमानाने उतरले आणि भाडोत्री बंडखोरांचा कट काही तासांत मोडला. पण तिथे काम नेमके होते, आणि बंडखोर बाहेरून आलेले होते. त्यांच्यामागे तिथली जनता नव्हती. लंकेत प्रश्न मातीतच रुजलेला होता.

मे २००९ मध्ये लंकेच्या स्वतःच्या सैन्याने लिट्टे संपवली. म्हणजे बंदुकीने काहीच होत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या शेवटच्या महिन्यांत हजारो सामान्य तमिळ मेले. शिवाय १९८७ च्या करारातून प्रांतांना मिळायचे ते जमीन व पोलिसांचे अधिकार आजही पुरते मिळालेले नाहीत. बंदूक थांबली, गाऱ्हाणे उरले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच. फौज कट मोडू शकते, हल्लेखोराला अडवू शकते. अन्याय मिटवणे तिच्या हातात नसते. ते काम त्या देशाच्या कायद्याने आणि तिथल्या बहुसंख्याकांनी करायचे असते. हक्क नाकारले की काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि बाबासाहेबांनी हक्कासाठी कोणता मार्ग दाखवला, हेही नको.

उद्या नाक्यावर पोरं पुन्हा "घुसून मारा" म्हणाली, तर त्यांना रागावू नका. जवळ बसवा, मेजर परमेश्वरन यांची गोष्ट सांगा, आणि शेवटी एकच विचारा: पोरांनो, फौज परतल्यावर तिथे मागे काय उरलं?

नमो बुद्धाय, जयभीम!