पोटरी : आपले दुसरे हृदय

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



हुबळीचे दुर्गदबैल असो की धारवाडचा सुभाष रोड, आपल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या दुकानात उभ्या राहिल्या. कोणी फळ्यासमोर, कोणी ओट्याशी. संध्याकाळी पाय भरून येतात, पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या फुगतात. ‘वय झालं’ म्हणून आपण सोडून देतो. खरे कारण पायाच्या रचनेत आहे.

हृदयाने पायाकडे पाठवलेले रक्त परत वर चढवायचे काम मुख्यतः पोटरीचे. मांडी आणि पोटरीच्या स्नायूंभोवती पांढरे, चिवट वेष्टन असते. त्याला फॅशिया म्हणतात. चकलीचा सोऱ्या आठवा. भांडे टणक असते म्हणूनच दाबलेले पीठ चकतीतून बाहेर येते. तसेच, पाऊल टाकताना स्नायू फुगतो, वेष्टन ताणत नाही, आणि आतल्या खोल शिरा दाबल्या जाऊन रक्त वर जाते. शिरांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. या झडपांचे वर्णन पादुआच्या फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडताना त्यांचाच आधार घेतला.

दुसऱ्या शिरा या वेष्टनाच्या बाहेर, त्वचेखाली असतात. त्यांतली सर्वांत लांब शीर आतल्या घोट्यासमोरून जांघेपर्यंत जाते. बायपास शस्त्रक्रियेत बहुधा हीच वापरतात. या शिरांना तो टणक आधार नाही. झडपा निकामी झाल्या की रक्त मागे येते आणि त्या फुगतात.

स्तब्ध उभे राहिल्यास घोट्याजवळच्या शिरांतला दाब सुमारे ९० मिलिमीटर असतो. चालू लागताच तो ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे त्रास पायांच्या वापराने होत नाही, एका जागी खिळून राहण्याने होतो. आपल्या हुबळी स्थानकाचा १५०७ मीटरचा फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललात, तर साधारण दोन हजार पावले पडतात. प्रत्येक पोटरी हजारदा रक्त वर ढकलते.

म्हणून गल्ल्यामागे उभे असताना अधूनमधून टाचा उचला. आरतीच्या रांगेतही चालेल! रात्री पायाखाली उशी घ्या. घट्ट वैद्यकीय मोजे बाहेरून वेष्टनाचे काम करतात, पण पायाचा रक्तपुरवठा तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घाला. घोट्याजवळची त्वचा काळवंडली, खाज सुटली, तर जखम होण्याची वाट पाहू नका.

दोन गोष्टी घरी सर्वांना सांगा. फुगलेली शीर फुटली तर आडवे व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. दोरी बांधू नका. आणि एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आजीचे तेल कितीही गुणकारी असो, चोळू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणही दवडू नका.

ज्या पायांनी आपल्या वाडवडिलांनी इथे संसार उभे केले, त्या पायांची थोडी सेवा आपणही करू या.

गणपती बाप्पा मोरया!