गावाचा घोडा आणि गावाचे दप्तर



आज एका परदेशी शेतकऱ्याची हकिकत सांगतो. गोष्ट लांबची आहे, पण आपल्या कामाची आहे.

अमेरिकेत व्हरमाँट नावाचे डोंगराळ, कडाक्याच्या थंडीचे राज्य आहे. तेथील रँडॉल्फ गावी १७८८ च्या सुमारास जस्टिन मॉर्गन हा शेतकरी राहायला आला. त्याचा जन्म १७४७ चा. प्रकृती नाजूक, म्हणून शेतीला जोड देऊन तो गावोगाव गाणे शिकवी आणि घोड्यांची पैदास करी. माणूस सचोटीचा. गावाने आपले दप्तर त्याच्या हाती दिले. १७९१ साली बायको वारली, तेव्हा त्याची लहान मुले शेजाऱ्यांनी सांभाळली. गावासाठी राबणाऱ्याला गावही विसरत नाही, ते असे.

त्याच्याकडे फिगर नावाचा घोडा होता. येणे असलेल्या पैशांच्या बदल्यात तो मिळाला, असे सांगतात. उंची अवघी पावणेपाच फूट. पण ओंडके ओढणे, गाडी, स्वारी, शर्यत, कशालाही मागे नाही! परिसरातल्या घोड्या त्याच्याकडे फळवायला येत. शिंगरे बापासारखीच निपजत. त्यातूनच 'मॉर्गन' ही नामांकित जात झाली. १९६१ साली व्हरमाँटने तिला राज्याचा प्राणी ठरवले.

मॉर्गन १७९८ मध्ये वारला. हे वैभव त्याने पाहिले नाही. पुढे फिगर अनेकांच्या हाती गेला. १८२१ साली, म्हातारपणी, दुसऱ्या घोड्याची लाथ लागली. जखमेकडे कोणी पाहिले नाही, आणि एवढा गुणी घोडा त्यात गेला.

आणखी एक गोष्ट लागून राहते. ज्याने गावाचे दप्तर लिहिले, त्याच्याच घोड्याच्या आईबापाची पक्की नोंद मागे उरली नाही. त्यावर लोक पुढे किती वर्षे वाद घालत बसले!

बंधूंनो, यातून आपण काय घ्यावे?

पहिले, वळू निवडताना नुसते अंग पाहू नका. त्याची वासरे कशी निघाली, ते पाहा.

दुसरे, एक वही घाला. गाय फळवल्याची तारीख, वळूचे नाव किंवा रेतमात्रेवरील क्रमांक आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक लिहा. गाय साधारण ९ महिने ९ दिवसांनी विते, म्हैस १० महिने १० दिवसांनी, घोडी ११ महिन्यांनी. तारीख लिहिलेली असली म्हणजे वेळेवर तयारी करता येते. शिवाय कालवड तिच्या बापाकडेच फळवली जात नाही. तसे झाले तर वाण खालावतो.

तिसरे, लाथ किंवा शिंग लागले तर 'होईल बरे' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. म्हाताऱ्या जनावरालाही.

चांगले जनावर एका दावणीला असले तरी ते साऱ्या गावाचे धन असते. वही मात्र आजच घाला बरं का!