भीमाशंकर कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस हसत हसत विचारले, "अहो, यात व्याख्यान देण्यासारखे आहे तरी काय? भीमाशंकर आपला. संपले व्याख्यान!" त्यांचे म्हणणे पुरेसे असते, तर आपणा सर्वांचा एक तास वाचला असता. परंतु 'आपला' हा शब्द जितका सोपा वाटतो तितका तो सोपा नाही, आणि तो उच्चारताना आपण नेमके काय पदरात घेतो याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तोच विचार आज करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रसंग सर्वांच्या आठवणीतला आहे. २०२३ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, महाशिवरात्र चार दिवसांवर आली असताना, आसाम सरकारच्या पर्यटन खात्याची एक जाहिरात वर्तमानपत्रांतून झळकली. कामरूपातील डाकिनी पर्वतावर असलेल्या सहाव्या ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास या, असे त्यात आमंत्रण होते. गुवाहाटीनजीक पामोही येथे भीमाशंकराचे एक स्थान आहे, त्याविषयीची ही जाहिरात. ती वाचून महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. पुढाऱ्यांनी निषेध केला. 'उद्योग गेले, आता देवही पळविले' असे उद्गार निघाले. आपल्या घोडेगाव-मंचरच्या एस.टी. स्थानकांवर तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

राग येणे स्वाभाविक होते. ज्या देवाच्या डोंगराकडे पाहून आपण पावसाचा अंदाज बांधतो, तो देव कोणी दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे म्हणून सांगू लागला, तर राग यावयाचाच. पण राग ओसरल्यावर विचारावयाचा प्रश्न असा की, त्या दाव्याला आधार काय, आणि आपल्या दाव्याला आधार काय?

प्रथम समोरच्याची बाजू पाहू. न्यायाची रीत तीच आहे. ज्योतिर्लिंगांच्या परंपरागत यादीत भीमाशंकराचे ठिकाण 'डाकिनी' या नावाने येते. शिवपुराणातील कोटिरुद्रसंहितेत भीम नावाच्या राक्षसाची कथा आहे. हा कुंभकर्णाचा पुत्र. त्याने ज्या शिवभक्त राजाला जिंकून बंदीत टाकले, तो राजा कामरूपचा होता. कामरूप म्हणजे आसाम. तेव्हा आसामी माणसाने हे वाचून 'देव आमच्याकडे प्रकट झाला' असे म्हटले, तर ते त्याने हवेतून काढलेले नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पण त्याच कथेत दुसरेही एक नाव आहे. हा भीम आपली आई कर्कटी हिच्यासह राहत होता, तो सह्य पर्वतावर. सह्य म्हणजे आपला सह्याद्री. म्हणजे एकाच कथेचे एक टोक ब्रह्मपुत्रेच्या काठी आणि दुसरे टोक आपल्या घाटमाथ्यावर! कथाकाराला दोन्ही प्रदेश ठाऊक होते, आणि दोन्ही एका सूत्रात ओवताना त्याला काही अडचण वाटली नाही. अडचण आपल्याला वाटते. कारण आपण पुराण हातात घेतो आणि त्यात सातबाराचा उतारा शोधू लागतो.

आता आपली बाजू. ती दुबळी नाही. देवळापाशी उगम पावणारी नदी भीमा, देव भीमाशंकर. नदीचे आणि देवाचे नाव इतके एकजीव झालेले स्थान दुसरे दाखविता येणार नाही. ही नदी ८६१ किलोमीटर वाहते, पंढरपुरास चंद्रभागा होते आणि रायचूरजवळ कृष्णेस मिळते. देवळाचे शिखर नाना फडणवीसांनी बांधविले. आवारात टांगलेली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर क्रूस आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण, असे परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे पायी येथे आली; देशावरून आली, तशी कोकणातून शिडी घाटाने आणि गणपती घाटाने चढून आली. शतकांचा हा लोकांचा राबता हाच आपला खरा पुरावा आहे, आणि तो कोणत्याही जाहिरातीने पुसला जाण्याजोगा नाही.

मात्र येथे एक गंमत सांगितली पाहिजे. देऊळ आहे खेड आणि आंबेगाव यांच्या शिवेवर. कागदोपत्री ते खेड तालुक्याचे, एस.टी. मात्र येते मंचर, घोडेगाव, तळेघर अशी आपल्या आंबेगावातून. कड्याखाली पाहावे तर रायगड आणि ठाणे जिल्हे. म्हणजे आसामशी भांडण्याआधी चार हद्दींचे भांडण आपल्या घरातच उभे करता येईल! देवाने मात्र यांपैकी एकाही हद्दीची मोजणी मागविलेली नाही.

या बाबतीत आपण नेहमी फिर्यादीच असतो असेही नाही. वैद्यनाथ आपण परळीचा मानतो, तर झारखंडातील लोक देवघरचा. नागनाथ आपल्याला औंढ्याचा, तर गुजरातेत द्वारकेजवळचा आणि कुमाऊँच्या लोकांना जागेश्वरचा. हनुमंताचा जन्म आपण त्र्यंबकेश्वराजवळच्या अंजनेरीवर झाला म्हणतो. कर्नाटक हंपीजवळच्या अंजनाद्रीकडे बोट दाखविते, आणि २०२१ सालच्या रामनवमीस तिरुमलाच्या देवस्थानाने तो मान आपल्या डोंगराकडे असल्याचे जाहीर केले. २०२२ साली या प्रश्नावर नाशिकला सभा भरली, तीत शास्त्रार्थापेक्षा गोंधळच अधिक झाला. भीमाशंकराच्या बाबतीत जी फूटपट्टी आपण आसामला लावू, तीच परळी, औंढा आणि अंजनेरीच्या वेळी दुसरे आपणास लावतील. फूटपट्टी दर वेळी बदलणाऱ्यास बाजारात काय म्हणतात, ते आपणास ठाऊक आहे.

श्रोतेहो, या वादाचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याची गरज नाही. ते आपल्या जुन्नरच्या कातळात कोरलेले आहे. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा, लेख आहे. तेथे राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची पावले तेवढी उरली आहेत. हे सातवाहन कोणाचे? पुराणे त्यांना आंध्र म्हणतात. त्यांची जुनी नाणी तेलंगणात करीमनगरकडे सापडली. त्यांचे आरंभीचे लेख मात्र आपल्या नाणेघाटात आणि नाशिकला, आणि राजधानी पैठण. पंडितांचा वाद अनेक दशके चालला आहे. पण नाणेघाटातून बैल हाकणाऱ्या व्यापाऱ्यास हा प्रश्न पडला असेल काय? त्याला घाट सुरक्षित हवा होता, आणि ज्या राजाने तो सुरक्षित ठेवला तो त्याचा राजा.

पुढे जुन्नरभोवतीच्या लेण्यांत चला. दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील लेखांत तीन दाते स्वतःस यवन म्हणवितात. त्यांतील एकाने पाण्याची टाकी खोदविली. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. त्यानेही मंडप आणि पाण्याचे टाके दिले. हे यवन कोठले, तो नहपान शक. त्यांना 'तुम्ही उपरे, आमच्या डोंगरास हात लावू नका' असे जुन्नरकरांनी म्हटले नाही. म्हणूनच जुन्नर मोठे झाले. आणि हेही ध्यानात घ्या की, त्या दात्यांनी 'हा डोंगर आमचा' असा दावा कोरून ठेवला नाही. 'आम्ही येथे पाणी दिले' एवढेच कोरले.

राज्याराज्यांत वाद नसावेत, असे आमचे म्हणणे नाही. काही वाद योग्यच असतात. याच भीमेचे आणि कृष्णेचे पाणी कोणी किती घ्यावे, यासाठी १९६९ साली न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमावा लागला, आणि महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट पाणी आले. पाणी मोजता येते. एकाने अधिक घेतले तर दुसऱ्यास कमी पडते. तेथे भांडावे, कागद मांडावे, हक्क सोडू नये. पण पामोहीस एक आसामी म्हातारी बेल वाहते, म्हणून आपल्या पिंडीवरचे एक पान तरी कमी होते काय? जे वाटल्याने कमी होत नाही, त्याची वाटणी मागणे व्यर्थ आहे.

व्यर्थच नव्हे, तर घातकही. थायलंड आणि कंबोडिया यांच्या सीमेवर, एका उंच कड्यावर, प्रेआह विहेअर नावाचे देऊळ आहे. तेही मुळात शंकराचेच. १९०४ च्या करारात सीमा पाणलोटाने ठरावी असे लिहिले होते, पुढे निघालेल्या नकाशात देऊळ कंबोडियाकडे दाखविले गेले, आणि त्यातून तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १९६२ साली निकाल कंबोडियाच्या बाजूने लागला. तरी मने शांत झाली नाहीत. २००८ साली देवळास जागतिक वारशाचा मान मिळाला, तो मानच नव्या चकमकींचे निमित्त ठरला, माणसे मेली. २०२५ साली त्या सीमेवर पुन्हा तोफा धडाडल्या. शंकराच्या देवळासाठी माणसे मरावीत, आणि देवळाच्या भिंतींना गोळ्यांची भोके पडावीत! आपले भांडण त्या थराला जाणार नाही, हे खरे. पण रोपटे एकाच जातीचे आहे.

मग 'भीमाशंकर आपला' हे म्हणावयाचे नाही काय? म्हणावयाचे, अवश्य म्हणावयाचे. पण त्याचा अर्थ काय, तो आम्हांस एका म्हाताऱ्याने शिकविला. त्या जाहिरातीच्या गडबडीत आम्ही तळेघरला चहा घेण्यास थांबलो होतो. शेजारी महादेव कोळी समाजातले एक बाबा बसले होते. हिरडा गोळा करण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशांपैकी. आम्ही मोठ्या आवेशाने म्हणालो, "बाबा, ऐकलंत का? आसामवाले देव आपला म्हणतात!" बाबांनी कपातला चहा संपविला आणि म्हणाले, "देव कुनाचा ते तुमी शिकल्याली मानसं ठरवा. पर शिवरातीनंतर रानात जो पलास्टिकचा कचरा ऱ्हातो, तो कुनाचा, ते कोन ठरवनार?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आसामने देव मागितला. कचरा कोणीच मागितला नाही. तो निःसंशय आपला होता!

बंधुभगिनींनो, या रानात शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरचे हे रान अभयारण्य झाले. ते आपले. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव बुडाले. ज्या गावाच्या नावाने आपला तालुका ओळखला जातो, ते गावच आज तळाशी आहे, आणि तेथून उठलेली माणसे डोंगराच्या कडेकपारीस आहेत. तीही आपली. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. ती आपली होती. त्या गावाचे नाव त्या दिवसाआधी आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक होते? जाहिरात आली तेव्हा आपण एका दिवसात जागे झालो. रानासाठी, उठलेल्या गावांसाठी, खचणाऱ्या डोंगरासाठी आपण कितीदा असे जागे झालो, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

शेवटी पुन्हा त्या पुराणकथेकडे वळतो. भीमाने त्या राजाचे राज्य घेतले, राजवाडा घेतला, त्याला बंदिखान्यात टाकले. त्या राजाजवळ देऊळ नव्हते, जमीन नव्हती, हद्द नव्हती. त्याने बंदिखान्यातच मातीचे लिंग केले आणि त्याची पूजा मांडली. राक्षस त्या मातीवर तलवार उगारून धावला, आणि देव प्रकट झाला तो तेथे. कथा आसामची म्हणा वा सह्याद्रीची म्हणा, तिचे मर्म एवढेच आहे. ज्याने मूठभर माती जपली, देव त्याचा झाला.

आपल्या हातात तर सबंध सह्याद्रीची माती आहे. ती आपण जपू या. मग भीमाशंकर कोणाचा, हे आपणास कोणाला सांगावे लागणार नाही.