पद्धत सगळ्यांची, पुस्तक लिहिणाऱ्याचं



आम्ही पुणे शहरात राहणाऱ्या पाच-सहा जणी. आसपासच्या गावांतल्या बचत गटांना कागदपत्रांच्या कामात मदत करतो. मागच्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली. चांगल्या हेतूने झाली, पण चूक ती चूकच. ती आज तुम्हाला सांगतो, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

झालं असं, की एका गटातल्या मावशींनी देव्हाऱ्याखालचा सासूबाईंचा डबा उघडला. आत तांब्याची जुनी नाणी. काहींवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं दिसत होती. म्हणजे शिवराई. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर महाराजांच्या नावाने पाडलेलं हे नाणं. पुढे पेशवाईतही शिवराया पाडल्या जात राहिल्या, म्हणून त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत.

डब्याची बातमी गावात पसरली. एक जण दारात आला आणि तांब्याच्या मोडीच्या भावाने सगळा डबा मागू लागला. दुसऱ्याचा फोन आला. तो म्हणे लाखो रुपये देतो, पण आधी नोंदणीचे पैसे पाठवा. असल्या फोनपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितलं आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँक पडत नाही आणि त्यासाठी कुठलीही फी घेत नाही. मावशींनी पैसे पाठवले नाहीत, हे नशीब.

दोघांनाही एकच गोष्ट माहीत होती, की बायकांना नाण्याचा दर्जा ओळखता येत नाही. दर्जा म्हणजे नाणं किती चांगलं राहिलं आहे ते. अक्षरं पूर्ण वाचता येतात की अर्धी? झीज किती? कड तुटली आहे का? कुणी घासलं आहे का? आपण तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख करतो, तसं नाणं कधी करू नका. संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

हे सगळ्याजणींना कळावं म्हणून आम्ही एका संग्राहकाचं पुस्तक मिळवलं. चांगलं नाणं कसं दिसतं, झिजलेलं कसं, असे शेजारी शेजारी फोटो त्यात होते. आम्ही मोबाइलवर त्याच्या वीस-बावीस पानांचे फोटो काढले, पीडीएफ केली आणि सगळ्या गटांच्या ग्रुपवर टाकली. खाली लेखकाचं नावही लिहिलं. आम्हाला वाटलं, नाव दिलं, पैसे घेतले नाहीत, मग काय बिघडलं?

ती पीडीएफ या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेली. चार महिन्यांनी एका जत्रेत तीच पानं झेरॉक्स करून, पिना मारून विकायला आलेली आम्ही पाहिली. लेखकाचं नाव कापलेलं. आणि आठवड्याभरात त्या लेखकांचाच फोन आला. वयस्कर गृहस्थ. ते रागावले नाहीत. एकेका फोटोसाठी ते एसटीने किती हिंडले, पुस्तक स्वतःच्या पैशाने छापलं, निम्म्या प्रती अजून घरात पडून आहेत, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्हाला फोनवर काय बोलावं ते सुचेना.

मग आम्ही कायदा समजून घेतला. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. तो स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने चटकन कळतो.

पुरणपोळी कुणाच्या मालकीची आहे का? नाही. डाळ किती, गूळ किती, हे माप कुणीही वापरावं. पण कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा' लिहिलं, त्यातली वाक्यं त्यांची. ती पानंच्या पानं उतरवून आपल्या नावाने छापता येत नाहीत, आणि त्यांच्या नावाने फुकट वाटताही येत नाहीत. नाण्याचं तसंच आहे. शिवराई कुणा एकाची नाही. तिच्यावर काय लिहिलं आहे ही माहिती सगळ्यांची. दर्जा ठरवायची पद्धतही सगळ्यांची. अमेरिकेत १९४९ साली शेल्डन नावाच्या गृहस्थांनी नाण्याला एक ते सत्तर गुण द्यायची रीत काढली. ती आज जगभर वापरतात. रीत वापरायला अडकाठी नसते. पण ती समजावणारी कुणाची वाक्यं, कुणी काढलेले फोटो, कुणी मांडलेले तक्ते हे त्या त्या माणसाचे कष्ट. हक्क त्यावर असतो.

हा हक्क कायमचा नसतो. लेखक गेल्यावर, पुढच्या वर्षापासून साठ वर्षं तो राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं. कमलाबाई १९९९ साली गेल्या, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे.

कायद्याने वाचकालाही सवलत दिली आहे. ती कलम ५२ मध्ये आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तकातला भाग उतरवून घेता येतो. पुस्तकावर मत देताना त्यातल्या चार ओळी देता येतात. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना शिकण्या-शिकवण्यापुरती नक्कल करता येते. दिल्लीत विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ साली खटला भरला होता. शिकवण्यासाठी लागणाऱ्या पानांच्या नकला करण्याला कायद्याची मुभा आहे, असं उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटला मागे घेतला.

पण ती गोष्ट विद्यापीठातल्या शिकवण्याची. शेकडो लोकांच्या ग्रुपवर बावीस पानं टाकणं म्हणजे स्वतःचा अभ्यास नव्हे. इतके टक्के चालतात, असा आकडाही कायद्यात कुठे नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं, त्यामुळे पुस्तकाची विक्री मारली जाते का, हे पाहिलं जातं. नुसतं नाव देऊन भागत नाही. नाव देणं हा झाला मान, परवानगी ही वेगळी गोष्ट. आणि फुकट वाटलं तरी नुकसान लेखकाचं होतंच, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. जाणूनबुजून हक्क मोडला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

आम्ही काय केलं ते सांगतो. ग्रुपवरून पानं काढली आणि पुढे पाठवू नका असा निरोप दिला. जे आधीच पसरलं होतं ते परत आलं नाही, ते येतही नाही. मग त्या लेखकांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि गटांसाठी पुस्तकाच्या पंधरा प्रती विकत घेतल्या. एकेक गावात एक प्रत, ती आळीपाळीने वाचायची.

त्यानंतर आमचा स्वतःचा तक्ता केला. मावशींच्याच डब्यातल्या सहा शिवराया पांढऱ्या कापडावर मांडल्या. खिडकीच्या उजेडात मोबाइलने फोटो काढले. सर्वांत चांगली पहिली, सर्वांत झिजलेली शेवटची. खाली आमच्या शब्दांत लिहिलं. फोटो ज्याने काढला, हक्क त्याचा असतो. त्यामुळे त्या तक्त्यावर हक्क आमचा आहे, आणि तो कुणीही वाटावा असं आम्ही त्यावरच लिहून टाकलं आहे. शेवटी त्या लेखकांच्या पुस्तकाचं नाव दिलं, हवं असेल तर विकत घ्या म्हणून. तक्ता छापण्याआधी त्यांनीच तो तपासून दिला. दोन चुका काढल्या.

मावशींनी डबा अजून विकलेला नाही. पण आता कुणी दारात आला, की त्या आधी नाणं उजेडात धरतात आणि विचारतात, यातली किती अक्षरं वाचता येतात सांगा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणाच्या पुस्तकाची पानं ग्रुपवर टाकायला बोट पुढे झालं, तर क्षणभर थांबा. माहिती घ्या, ती आपल्या शब्दांत लिहा, फोटो आपला काढा. पानंच हवी असतील तर लेखकाला विचारा, आणि 'हो' आलं तर ते लेखी जपून ठेवा. आपण केलेली पापडाची चव कुणी आपल्या नावाची चिठ्ठी फाडून विकली, तर आपल्याला कसं वाटेल? तेवढं आठवलं तरी पुरे.