कार्डांची जोडी

क्रेडिट कार्डाचें नांव काढतांच कांहीं मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात, तर कांहींचे डोळे चमकूं लागतात. पहिल्यांना त्यांत कर्जाचा सांपळा दिसतो, दुसऱ्यांना फुकटचा विमानप्रवास. दोघांचेंही म्हणणें खरें आहे; मात्र तें एकाच घरीं एकाच वेळीं खरें असत नाहीं. ज्याच्याकडे कार्डाची बाकी थकलेली आहे, त्यानें पॉइंटांचा विचार मनांत आणूंच नये. थकलेल्या रकमेवर बहुतेक बँका दरमहा शेंकडा साडेतीन रुपयांच्या आसपास व्याज घेतात. सरळ हिशेबानें वर्षाला शेंकडा ४२. हें व्याज ३० टक्क्यांच्या वर जाऊं नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. सर्वोच्च न्यायालयानें तो डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. तेव्हां त्या बाजूनें आधाराची आशा नाहीं. शेंकडा दीड रुपयाच्या बक्षिसापायीं शेंकडा बेचाळीस भरणें याला आपल्याकडे आवळा घेऊन कोहळा देणें असें म्हणतात.

हीं बक्षिसें येतात तरी कोठून? आपण कार्ड वापरलें कीं दुकानदाराच्या हातीं पूर्ण रक्कम पडत नाहीं. तींतून कांहीं हिस्सा कापला जातो, आणि त्यांतील मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो. शिवाय थकबाकीदारांचें व्याज असतेंच. आपलें विमानाचें तिकीट एखाद्या अडलेल्या गृहस्थाच्या व्याजांतून आलेलें असूं शकेल, हा विचार मनाला फारसा सुखवीत नाहीं. पण व्यवहार असा आहे, हें ठाऊक असलेलें बरें.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. आमच्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांची कन्या जर्मनींत असते, आणि तिला भेटून येण्याचा पतिपत्नींचा बेत होता. एके सायंकाळीं गुरुजी तीन कार्डें घेऊन माझ्याकडे आले. तिन्ही निरनिराळ्या बँकांचीं, तिन्ही प्रवासाचे पॉइंट देणारीं. “यांतलें कोणतें चांगलें?” असा त्यांचा प्रश्न. मीं म्हटलें, “गुरुजी, आधीं खर्च सांगा.” तेव्हां सौभाग्यवतींनीं आंतून वही आणली. वर्षाकाठीं कार्डावर होणारा खर्च चार लाखांच्या आसपास भरला.

मग आम्हीं हिशेब मांडला. समजा, दर शंभर रुपयांस दोन पॉइंट मिळतात. चार लाखांवर ८,००० पॉइंट झाले. पण पॉइंटाची किंमत किती? ती बँकेच्या जाहिरातींत पाहूं नये, तिकिटावरून काढावी. ९,००० रुपयांचें तिकीट १०,००० पॉइंट आणि करापोटीं २,००० रुपये रोख देऊन मिळत असेल, तर वांचले ७,००० रुपये. म्हणजे एका पॉइंटास सत्तर पैसे. आठ हजार पॉइंटांचे झाले ५,६०० रुपये. एका कार्डाची वार्षिक फी २,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,९५०. एकच कार्ड ठेवलें तर वर्षाअखेर २,६५० रुपये पदरांत पडतात. तीन ठेवलीं तर? खर्च तेवढाच, पॉइंट तेवढेच. फी मात्र ८,८५०. मिळकत दूरच राहिली, ३,२५० रुपये घरचे गेले! शिवाय पॉइंट तीन ठिकाणीं विखुरल्यामुळें एकाही ठिकाणीं तिकिटापुरते सांचत नाहींत. अनेक बँका वर्षाचा खर्च ठराविक रकमेवर गेला तर फी माफ करतात; खर्चाचे तीन तुकडे केल्यानें ती सवलतही हातची जाते.

गुरुजी कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “म्हणजे एकच कार्ड ठेवावें?” तसें नाहीं. पहिलें कार्ड जें काम वाईट करतें, तें चांगलें करणारें दुसरें कार्ड असावें. एकाच गुणाचीं दोन कार्डें म्हणजे संसारांत दोन पोळपाट आणि लाटणें एकही नाहीं, असा प्रकार.

घरच्या खर्चावर चांगले पॉइंट देणारें कार्ड परदेशांत बहुधा महाग पडतें. परक्या चलनांतील खर्चावर पुष्कळ बँका शेंकडा साडेतीन रुपये जादा आकार लावतात, आणि त्या आकारावर पुन्हां जीएसटी. मिळून शेंकडा ४.१३. जर्मनींत दीड लाखाचा खर्च झाला तर हा आकार ६,१९५ रुपये होतो. त्याच खर्चावर मिळणारे पॉइंट वरच्या भावानें २,१०० रुपयांचे. कांहीं बँका हा आकार मुळींच न लावणारीं कार्डें देतात. अशा कार्डावर एकही पॉइंट मिळाला नाहीं, तरी तें या एका प्रवासांत चार हजारांहून अधिक रुपये वांचवितें. वर्षभर किराणा, वीज आणि औषधें कार्डावर घेऊन जी निव्वळ प्राप्ति झाली, तिच्याहून ही रक्कम मोठी आहे. या एका ओळीखालीं गुरुजींनीं तांबड्या शाईची रेघ ओढली. जुनी संवय!

परदेशीं दुकानांत यंत्रावर “युरोंत द्यायचे कीं रुपयांत?” असें विचारलें जातें. रुपये आपले म्हणून आपण तेच निवडतों. तेथें युरोच निवडावे. रुपयांचा भाव त्यांच्या सोयीनें लावलेला असतो. आणि क्रेडिट कार्डावर यंत्रांतून रोकड काढूं नये, तिला निराळा आकार असून व्याज त्याच दिवसापासून सुरू होतें.

आतां घरचें कार्ड कोणत्या जातीचें असावें? कांहीं कार्डें एकाच विमान कंपनीशीं बांधलेलीं असतात. कांहींचे पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवितां येतात. माझा कौल दुसऱ्या प्रकाराला. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं, तेव्हां त्यांच्या माइलांवर त्यांच्याच विमानानें जाण्याची आस धरलेल्या मुंबई-पुण्याच्या किती घरांची निराशा झाली! विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्यें एअर इंडियांत विलीन झाली. तेथें पॉइंट नव्या खात्यांत गेले, पण ज्या कंपनीसाठीं कार्ड निवडलें तीच उरली नाहीं. वळवितां येणारे पॉइंट बँकेंत असेपर्यंत आपल्याला मोकळीक असते. मात्र एकदां वळविले कीं ते सहसा परत येत नाहींत. म्हणून आधीं जागा शिल्लक आहे असें पाहावें, मगच वळवावे. विमान कंपन्यांच्या संघाचाही उपयोग होतो. स्टार अलायन्स हा संघ १९९७ सालीं निघाला, एअर इंडिया त्यांत २०१४ मध्यें शिरली, आणि लुफ्तान्झा तर आरंभापासूनची. त्यामुळें एअर इंडियाकडे वळविलेल्या पॉइंटांवर लुफ्तान्झाच्या विमानांतली जागाही मागतां येते. मिळणें न मिळणें मोकळ्या जागांवर अवलंबून.

“आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचें काय? तो कार्ड घेत नाहीं,” असें बाईंनीं विचारलें. प्रश्न योग्य होता. रुपे जातीचें क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची मुभा २०२२ पासून आहे. त्यानें वाण्याकडील खर्चही हिशेबांत येतो. पॉइंट मात्र कित्येकदां कमी मिळतात. फी नसेल तरच हें तिसरें कार्ड ठेवावें. परदेशासाठीं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जवळ असणें अवश्य. दोन कार्डें असलीं तर एक खिशांत, एक मुक्कामाच्या पेटींत.

न्यू जर्सीहून गुरुजींच्या भाच्यानें दूरध्वनीवर पांच कार्डें घेण्याचा सल्ला दिला होता. अमेरिकेंत नवें कार्ड घेतांच भरघोस पॉइंट मिळतात, म्हणून तेथें तो हिशेब कित्येकांना जुळतो. आपल्याकडे बहुधा आरंभीची भेट बेताची, आणि प्रत्येक अर्जाची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांच्या दप्तरीं होते. भाच्याचा सल्ला भाच्यापाशीं ठेवावा.

गुरुजींनीं दोन कार्डें बंद केलीं. बंद करण्यापूर्वीं त्यांवरचे पॉइंट खर्ची घातले. परदेशासाठीं एक नवें घेतलें, तेंही निघण्याच्या दोन महिने आधीं. २०२० च्या ऑक्टोबरपासून नवें कार्ड केवळ देशांतल्या वापरापुरतें सुरू होऊन येतें. परदेशांतील वापर आपण स्वतः चालू करावा लागतो. तें गुरुजी विसरले होते. निघण्याच्या आदल्या रात्रीं जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनीं तें भ्रमणध्वनीवर चालू केलें, आणि बाईंनीं भात वाढला.