मुकाम : वाळूच्या देशातील तीन आठवडे



माणूस गेला म्हणजे काय करावयाचे, हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेविले आहे. दहा दिवसांचे सुतक, दहाव्याचा पिंड, तेराव्याचे गोड जेवण, वर्षश्राद्ध आणि पुढे दर भाद्रपदात एक तिथी. या विधींची थट्टा करणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा एक उपयोग कोणासही नाकारता यावयाचा नाही. शोक करणाऱ्यास ते काही काम देतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांस त्याच्या दारी येण्यास निमित्त देतात. घरातले मुके जनावर मेले म्हणजे यांपैकी काहीच नसते. सुतक नाही, तिथी नाही, भेटावयास येणारा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीसारखे दूध घालून जातो, आणि आपण रडलो तर लोक हसतील या भयाने मनुष्य आपले दार लावून घेतो.

अमेरिकेतील केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने 1989 साली अशा शोकावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. ज्या दुःखाचा हक्कच समाज मान्य करीत नाही, असे दुःख, हा त्याचा विषय. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत शिकवू लागलेला आणि केस पांढरे झाल्यावर घरी बसलेला साधा मनुष्य आहे. पण त्या ग्रंथाविषयी वाचले तेव्हा, दूरदेशीच्या कोणा पंडिताला आपल्या ओसरीवरची गोष्ट कळली कशी, असे मात्र वाटले.

माझ्या घरी चौदा वर्षे मोती नावाचा कुत्रा होता. 2009 सालच्या पावसाळ्यात माझ्या पत्नीने गटाराच्या कडेला कुडकुडत असलेले ते पिल्लू पदराखाली घालून घरी आणिले. 2017 साली ती गेली. तेव्हा घर माणसांनी भरून गेले होते. कोणी पिठले-भात आणीत, कोणी रात्री सोबतीला निजत. त्यानंतरच्या सहा वर्षांत घरात मी ज्याच्याशी बोलत असे असा जीव तो एकच. 2023 च्या डिसेंबरात मूत्रपिंडाच्या विकाराने मोतीही गेला. परसातल्या पारिजातकाखाली मी त्यास पुरले. ज्यांना ज्यांना हे कळले, त्यांतील बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, “कोणत्या जातीचा होता?” गावठी होता असे सांगितले म्हणजे त्यांचा चेहरा मोकळा होई. म्हणजे मग फारसे नुकसान नाही, असा त्याचा अर्थ. आमच्या आळीतील एका पुराणप्रिय गृहस्थांनी तर मला जडभरताची कथा ऐकविली. भरत राजा सर्वसंगपरित्याग करून अरण्यात गेला, तेथे हरणाच्या एका पाडसात गुंतला, मरतेवेळी त्याचेच ध्यान लागले आणि पुढील जन्म हरणाचा आला. “तेव्हा मास्तर, सावध असा,” असे म्हणून ते निघून गेले.

दिवस कसाबसा जाई. रात्र जात नसे. फरशीवर नखांचा टक्‌टक् आवाज होतो आहे असे वाटून मी उठून बसे. जेवताना भाकरीचा शेवटचा तुकडा हात आपोआप ताटाच्या कडेस ठेवी आणि तो तेथेच वाळून जाई. पुण्यातील मुलगा म्हणाला, “बाबा, दुसरा कुत्रा आणू या.” त्याचा हेतू चांगला होता, पण फुटलेल्या कपाऐवजी नवा कप आणावा तसे ते मला वाटले. अशा वेळी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो रेल्वेच्या नोकरीत बिकानेरला आहे. त्याने लिहिले होते, “गुरुजी, थोडे दिवस इकडे या. येथे तुम्हाला कोणी समजूत घालणार नाही.” हे शेवटचे वाक्य वाचून मी तिकीट काढिले.

बिकानेर-जोधपूर लोहमार्गावर नोखा नावाचे स्थानक आहे. तेथून सुमारे पंधरा किलोमीटर आत मुकाम नावाचे गाव आहे. आपल्या मराठी कानाला हे नाव आल्यागेल्याच्या वस्तीचे वाटते. प्रत्यक्षात ते बिश्नोई पंथाचे परमपवित्र स्थान होय. पंथाचे संस्थापक जांभोजी यांचा जन्म 1451 साली पिपासर येथे झाला. 1485 साली त्यांनी जवळच्या समराथळ नावाच्या वाळूच्या टेकडीवर पंथाची स्थापना केली, आणि 1536 साली ते निवर्तल्यावर मुकाम येथे त्यांची समाधी झाली. एकोणतीस नियम म्हणून ‘बीस’ आणि ‘नौ’ मिळून बिश्नोई. जीवांवर दया करावी आणि हिरवे झाड तोडू नये, हे त्यांतील दोन प्रमुख नियम. सरपणासाठी झाड तुटू नये म्हणून हे लोक आपले मृत दहन न करिता पुरतात. 1730 साली जोधपूरजवळील खेजडली गावी राजाची माणसे झाडे तोडावयास आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या मागोमाग एकंदर 363 माणसे झाडांना मिठ्या मारून मेली. ते खेजडीचे झाड म्हणजे आपली शमी; दसऱ्याच्या कथेत पांडव जिच्या ढोलीत शस्त्रे लपवितात तीच. आपण तिची पाने गणपतीला वाहतो. तिकडे तिच्या शेंगांची भाजी करून खातात, आणि वाळूच्या त्या प्रदेशात सावली म्हणून जी काही मिळते ती तिचीच.

चार दिवस मी धर्मशाळेत राहिलो. नंतर माझ्या विद्यार्थ्याच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला आपल्या ढाणीवर नेले. ढाणी म्हणजे शेतातच बांधलेली एकाकी वस्ती : दोन-तीन गोल, गवताने शाकारलेल्या झोपड्या, पाण्याचे टाके, गोठा आणि भोवती काटेरी कुंपण. पहिल्या संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि कढी पुढे ठेवून त्या म्हाताऱ्याने विचारिले, “मास्टरजी, नाव काय होते त्याचे?”

दीड महिन्यात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगितले. मग किती वर्षांचा होता, शेवटी त्रास झाला का, हेही त्याने विचारून घेतले, आणि “चौदा वर्षे म्हणजे पुष्कळ झाली,” एवढे म्हणून तो बाजरीच्या भावाविषयी बोलू लागला. त्या रात्री मी उठून बसलो नाही.

याचे श्रेय मी केवळ त्या म्हाताऱ्यास देत नाही. काही श्रेय वाळूचे आहे. वाळूवर पावलाचा आवाज होत नाही. माणूस जवळ येऊन उभा राहीपर्यंत कळत नाही. मग कुत्र्याच्या नखांची काय कथा! माझे जे कान दीड महिना एका आवाजाची वाट पाहत होते, त्यांना वाट पाहण्यासारखे तेथे काही उरले नाही. पण वाळू डोळ्यांना दुसरे काही देते. पहाटे बाहेर पडावे तो रात्री कोण कोण येऊन गेले ते सारे लिहून ठेविलेले असते : हरणांचे जोडखूर, खोकडाची सरळ रेघ, भुंग्याची टाक्यांसारखी बारीक नक्षी. दुपारी वारा सुटला म्हणजे ते सर्व पुसून जाते. हे रोज पाहताना मला कोणतेही तत्त्वज्ञान सुचले नाही. केवळ पाहत असे, आणि पाहता पाहता उन्हे वर येत.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला. सकाळी म्हाताऱ्याचा नातू चिंकारा जातीचे एक पाडस उचलून घेऊन आला. मागच्या मांडीचा लचका तुटलेला होता. ते काम भटक्या कुत्र्यांचे होते. त्या प्रदेशात मोकाट कुत्री फार वाढली आहेत, आणि हरणांच्या जिवाला आता बंदुकीइतकेच त्यांचेही भय आहे. मी तेथे कुत्र्याच्या शोकात आलो होतो, आणि समोर कुत्र्याने फाडलेले पाडस पडले होते. म्हातारा माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुमचा मोती येथे असता तर त्यालाही आम्ही बांधूनच ठेवावयास सांगितले असते.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सहानुभूतीच्या शंभर शब्दांपेक्षा हा रोखठोकपणा मला बरा वाटला.

वनखात्यास निरोप गेला. त्यांचा पशुवैद्य येऊन टाके घालून गेला आणि पाडस हलविण्याजोगे होईपर्यंत तेथेच ठेवावे असे ठरले. घरातील सून त्याला मांडीवर घेऊन बसे. बिश्नोई स्त्रिया अनाथ पाडसांना स्वतःचे दूध पाजतात, अशी छायाचित्रे आपण वृत्तपत्रांतून पाहिली असतील. येथे शेळीचे दूध होते आणि बाटली होती. दुपारची पाळी माझ्याकडे आली. दर दोन तासांनी एवढेसे दूध, तोंड वर धरून, घाई न करिता. मोतीच्या शेवटच्या दिवसांत मी त्याला असेच पाणी पाजीत असे. हातांना ते ठाऊक होते. सहा दिवस पाडस जगले. सातव्या दिवशी पहाटे ते थंड झाले होते.

वनखात्यास कळवून, त्यांच्या सांगण्यावरून, घरामागील एका शमीखाली खड्डा खणला. मंत्र नाही, फूल नाही. सासू, सून, मुले, सगळी उभी राहिली. सून रडली आणि तिला कोणी गप्प केले नाही. मीही रडलो, ते पाडसासाठी की मोतीसाठी की आणखी कोणासाठी, हे कोणी विचारिले नाही. माती लोटून झाल्यावर म्हातारा हात झटकीत मला म्हणाला, “तुमचा कोठे आहे?” मी पारिजातकाचे सांगितले. “मग जागा आहे म्हणा,” असे म्हणून तो म्हशीकडे गेला आणि सुनेने चहाचे आधण ठेविले.

त्या दिवसापासून मला भरत राजाची कथा निराळी दिसू लागली. पुराणिक मंडळी त्या गोष्टीतील पाडसाला मोहाचे रूप देऊन मोकळी होतात. पण भागवतातच असे आहे की, सिंहाच्या गर्जनेने घाबरून नदी ओलांडताना हरिणी मेली, तिचे पिल्लू प्रवाहात वाहत चालले, आणि भरताने ते उचलिले. न उचलता तो जपच करीत बसला असता, तर त्याची कथा कोणी सांगितली असती काय, हे मला आमच्या त्या शेजाऱ्यांस विचारावयाचे आहे. शिवाय हरणाच्या जन्मातही त्याचे पूर्वस्मरण शाबूत होते आणि त्याच्या पुढल्याच जन्मी तो मुक्त झाला, हा भाग सांगावयाचे बहुधा राहून जाते.

जनावरासाठी शोक करणे ही आजकालच्या शहरी लोकांची चैन आहे, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना तीन दाखले देतो. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे की, मिसर देशात घरातले मांजर मेले तर सारे कुटुंब भुवया काढून टाकी आणि कुत्रा मेला तर सर्वांगाचे केस. तोही वाळवंटाचाच देश. दुसरा दाखला आपल्या शेजारचा. कर्नाटकात अतकूर येथे दहाव्या शतकातील एक वीरगळ सापडला. रानडुकराशी झुंजून मेलेल्या काली नावाच्या शिकारी कुत्र्याचे ते स्मारक असून बेंगळुरूच्या संग्रहालयात आहे. तिसरा दाखला आपणा सर्वांस ठाऊक आहे. पण त्यातील एक तपशील सहसा लक्षात येत नाही. महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांमागे जो कुत्रा चालला होता, तो हिमालय ओलांडल्यावर त्यांच्याबरोबर ‘वालुकार्णवा’तून, म्हणजे वाळूच्या समुद्रातूनही गेला. समराथळच्या टेकडीवर संध्याकाळी बसलो असता तो शब्द मला आठवला, आणि व्यासांनी वाळूला समुद्र का म्हटले ते चाळीस वर्षे शिकवून कळले नव्हते इतके एका दृष्टिक्षेपात कळले.

परतताना वाट वाकडी करून फलोदीजवळचे खीचन पाहिले. तेथे दर हिवाळ्यात मंगोलिया आणि मध्य आशियाच्या बाजूने, हिमालय ओलांडून, करकोच्यांचे हजारो पक्षी येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावकरी, विशेषतः जैन मंडळी, एका आवारात त्यांच्यासाठी रोज धान्य टाकितात. मार्चच्या सुमारास पक्षी उत्तरेस निघून जातात. मग ते आवार झाडून स्वच्छ करून ठेवावयाचे, एवढेच गावाच्या हाती राहते. 2025 च्या जूनमध्ये या स्थळास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली, हे वाचून मला घरचे कोणी उत्तीर्ण झाल्यासारखा आनंद झाला.

दुसरा कुत्रा मी अद्याप आणिलेला नाही. आणणारच नाही असेही नाही. भाकरीचा तुकडा आता मी सकाळी गल्लीतल्या कुत्रीला घालतो. मोतीविषयी कोणी विचारले तर सांगतो, आणि सांगताना मला घाई होत नाही.

कित्येक श्रोते पत्ता विचारतील म्हणून सांगून ठेवितो. मुकाम येथे वर्षातून दोन मोठ्या यात्रा भरतात. त्यांच्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन आणि आश्विन अमावास्येस. तिकडे महिना पौर्णिमेस संपत असल्यामुळे आपल्या हिशेबाने त्या माघातील आणि भाद्रपदातील अमावास्या होत, म्हणजे दुसरी आपली सर्वपित्री. ज्यांना एकांत हवा असेल त्यांनी हे दिवस टाळून, मार्गशीर्ष-पौषात जावे. दिवसा ऊन सुखाचे असते, पण सूर्य मावळला की वाळू झपाट्याने थंड होते. एक जाड घोंगडी बरोबर असू द्यावी. पक्ष्यांसाठी धान्य तेथेच विकत मिळते.