पुन्हां टंकलेखनाकडे वळणाऱ्या माता



लग्नापूर्वीं टंकलेखनाचें प्रमाणपत्र मिळवून, मुलेंबाळें झाल्यावर तें पेटींत ठेवून दिलेल्या आपल्या मातांविषयीं आम्ही आज चार शब्द बोलणार आहों. मुलें शाळेंत जाऊं लागलीं, आणि कंधारच्या कचेरींत किंवा नांदेडास काम मिळावें असें त्यांस वाटूं लागलें आहे.

मध्यंतरीं यंत्रच पालटलें. गोदरेजनें १९५५ सालीं पहिलें भारतीय टंकलेखनयंत्र काढलें. २००९ सालीं त्याचें उत्पादन थांबलें. जुन्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं ठोकावी लागे, आणि अर्ध्या अक्षरास काना जोडला म्हणजे तें पूर्ण होई. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर सारें उलट: आधीं अक्षर, मग वेलांटी, पूर्ण अक्षराचा पाय मोडून अर्धें करावयाचें. ज्या बोटांस जुनें वळण पक्कें बसलें आहे, त्यांसच हें अधिक जड जातें. रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक संगणकावरहि मिळतो. आमच्या मतें प्रथम तोच धरावा.

सरकारी लिपिक-टंकलेखकास मिनिटास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. राज्याच्या २००५ च्या नियमांप्रमाणें, २८ मार्च २००६ नंतरच्या जन्मामुळें मुलें दोहोंहून अधिक झालीं असल्यास सामान्यतः सरकारी नोकरी मिळत नाहीं. अशा मातेनें त्या परीक्षेपायीं वर्षें घालवूं नयेत. वकिलाची कचेरी, खासगी शाळा, दुकान पाहावें. पतींनींहि रोज तासभर मुलें सांभाळावीं. सरावाविना बोटें वळत नाहींत. आणि फी भरण्यापूर्वीं, वर्गांत कोणता कळफलक शिकवितात, तें विचारून घ्यावें.